एक गुण शिल्लक

पात्र घडवायला वीस गुण मिळतात.
ताकद, चपळाई, बुद्धी, तेज, धीर :
प्रत्येकासमोर अधिक-उण्याची खूण.
बाहेर टे नदीवरून धुकं चढत होतं.
डंडीत जानेवारी म्हणजे चारलाच दिवेलागण.
मृण्मयी बटाट्यांचे रोग तपासायला गेलेली
आणि माझ्या व्हिसावर लिहिलेलं, डिपेंडंट.
मराठीत आश्रित.
मराठीत जरा जास्तच लागतं ते.

ताकदीला शून्य दिलं.
खेळानं विचारलं, नक्की?
म्हटलं, नक्की.

मग नाव. बारा अक्षरांत बसेल असं.
'टेकू' लिहिलं.
कॅलमला वाटलं, जपानी असणार.
मी खुलासा केला नाही.
कललेल्या भिंतीला लावलेला वासा
त्याला कुठून समजवा, आणि कुठल्या इंग्रजीत.

पहिले पंधरा दिवस नुसता मलम फासत सुटलो.
कुणाला ओरखडा उठला की माझा हिरवा उजेड.
उजेड संपायचा
आणि मग यायची खरी जखम.
जोला धनुष्य चालवते.
दिवसा ग्लासगोत लोकांचे दात साफ करते.
ती म्हणाली, टेकू, तू रक्त बघतोयस.
माणसं बघ.

मग बघायला लागलो. म्हणजे ऐकायला.
कॅलम ढाल घेऊन घुसण्याआधी
दातांतून श्वास ओढतो, सस्स.
त्या सस्सवर कवच टाकायचं,
घाव बसल्यावर नाही.
जोला अडचणीत आली की बोलणं थांबवते.
आणि आर्ब्रोथचा तो पोरगा, फिन्ली, आमचा जादूगार,
त्याच्या मागे कुठेतरी दार आपटल्याचा आवाज येतो
आणि पुढची पाच मिनिटं
तो राक्षसांच्या घोळक्यात एकटाच शिरतो.
तेव्हा त्याला लगेच बरं करू नये.
शेजारी जाऊन उभं राहावं.
शेजारी उभं राहण्याला खेळाच्या नियमांत
काहीच किंमत नाही.
मी तपासलंय.

गुहागरला माझी एक मावशी मुरगळलेले पाय चोळायची.
गाव म्हणायचं, इंदूच्या हाताला गुण आहे.
किती, ते कुणी मोजलं नाही.
तीही पाय लगेच हातात घ्यायची नाही.
आधी विचारायची,
एवढ्या घाईनं निघाला होतास कुठे?

काल रात्री गंजलेल्या किल्ल्यातली
सात तोंडांची राणी पडली.
बावीस मिनिटं लागली.
शेवटी तक्ता येतो, कुणी किती घाव घातले त्याचा.
फिन्ली चौदा लाख. केवढ्यानं ओरडला!
कॅलम नऊ.
सगळ्यात तळाला टेकू : एकेचाळीस.
लाख नाही. नुसते एकेचाळीस.
तेही चुकून,
माझी काठी तिच्या पायाला लागली असावी.

मृण्मयी मागे उभी होती, अंगात ओला कोट तसाच.
एकेचाळीस, म्हणाली, आणि हसली.
मग खुर्चीच्या हातावर टेकून तक्ता परत वाचला.
"मेलं कोण तुमच्यातलं?"
कुणीच नाही.
"त्याचा रकाना कुठाय?"
नाहीये.
"हं," म्हणाली,
"न सडलेल्या बटाट्यावर आमच्याकडेही पेपर निघत नाही."
आणि मोजे काढायला गेली.

वीसातला एक गुण मी अजून खर्चलेला नाही.
पडद्याच्या कोपऱ्यात लुकलुकत असतो.
फिन्ली रोज म्हणतो, फुकट घालवतोयस,
ताकदीत टाक.
खिडकीतून रेल्वेचा पूल दिसतो,
त्याला लागून जुन्या, कोसळलेल्या पुलाचे बुंधे.
त्यांच्यावर आता कसलंच ओझं नाही.
एखादा पाणकावळा बसतो पंख वाळवत.

साडेआठ झाले. फिन्ली आलाय.
त्याचा माइक उघडा आहे.
दार अजून वाजलेलं नाही.