जळकी वाळू

एकोणीसच्या पुरात ही जिप्सी
शाहूपुरीत, आमच्याच गल्लीत, छपरापर्यंत बुडाली.
पाणी उतरलं तेव्हा मागच्या सीटखाली
एक मरळ होती. जिवंत.
विमेवाल्यानं फोटो काढले आणि म्हणाला, भंगार.

बाबालाल शिकलगार तसं म्हणाले नाहीत.
बराच वेळ ते काहीच म्हणाले नाहीत.
उद्यमनगरात बोलायचं तर लेथच्या वर ओरडावं लागतं,
म्हणून ते मोजकंच बोलतात.

आता जैसलमेरच्या पुढं न्यायची आहे तिला,
जिथं माझ्या नकाशात नुसता फिकट पिवळा रंग
आणि मधोमध घडीची फाटत आलेली रेघ.
चार दिवस. वाटेत एकही पंप नाही.
एकवीस वर्षं भूगोल शिकवते मी.
वाळूची टेकडी फळ्यावर इतक्यांदा काढलीय
की खडू आपणहून वळतो: एक बाजू लांब, उतरती, एक उभी.
पाहिलेली नाही.

मिस्त्रींनीही नाही.
"बुडाल्याली गाडी वाळवंटात?" ते दाढी खाजवत म्हणाले,
"कपडे वाळत घालायला लईच लांब चाललाय."

मागच्या पाट्यांत एक पान वाढवलं त्यांनी.
रेडिएटर उलटा धुतला. पंख्याचा पट्टा नवा,
जुना सीटखाली, असू दे म्हणून.
पुढचे हब उघडले तर ग्रीसमध्ये करकर:
पंचगंगेचा गाळ. इतक्या वर्षांनी.
उजव्या दाराच्या पोकळीत हवेचा फवारा मारला
तर काळपट पीठ उडालं, त्यात उसाचं पाचट,
शर्टाचं एक बटण.

हवेची नळी टपापर्यंत चढवली, धुळीसाठी.
शेजारचे कारंडे म्हणाले, काय, पुराची तयारी?
मी हो म्हटलं.
समजावण्यापेक्षा ते सोपं होतं.

"वाळू म्हंजे काय ते मला म्हाईत हाय," मिस्त्री म्हणाले.
"बाप सव्वीस वर्षं फौंड्रीत वाळूच चाळत हुता."
रविवारी आम्ही शिरोलीला गेलो,
एमआयडीसीच्या मागं, जिथं कारखाने
साच्यांतून सुटलेली वाळू ओततात.
काळी, जळकी, ढिगाला लागून ढीग.
लोखंड अंगावर घेऊन घेऊन कामातून गेलेली.

चाकांतली हवा सोडली. तीस. बावीस. सोळा.
"पोट सुटलं की चाकांचं," अझीम म्हणाला.
लो गिअर टाकून मी चढवली
आणि अर्ध्यावर रुतले.
दाबला पाय. अजून दाबला.
अॅक्सलपर्यंत गेली.

"पाय काढा, बाई. जेवढं दाबशीला तेवढी खाली."
मग फावडी. मग भोकाच्या पत्र्याचे दोन तुकडे,
त्यांनीच कडा घासून आणलेले.
तासभर उकरलं आम्ही, तिघांची नखं काळी.
आणि मग पत्र्यावर चाक चढलं,
म्हैस पाण्यातून निघते तशी,
आधी खांदे, मग सावकाश बाकीचं,
गाडी वर आली.

हेमांगी येणार सोबत, प्राणिशास्त्राची.
तिला वाळूतली काटेरी शेपटीची पाल बघायचीय,
त्यापुढं इंजिनाचं तिला काही नाही.
चाळीस लिटर पाणी, पेट्रोलचे तीन कॅन,
भडंग, गूळ, सायकलचा पंप
(कॉम्प्रेसर बंद पडला तर; हसू नका).

डावं दार त्यांनी साफ केलं नाही.
"राहू दे की तेवढं," म्हणाले. का, ते विचारलं नाही मी.
वळणावर आत काहीतरी सरकतं,
एका बाजूनं दुसऱ्या बाजूला, सावकाश.

काल बिल दिलं त्यांनी, वहीच्या पानावर.
पाटा. पट्टा. ग्रीस. मजुरी.
आणि तळाला, रकमेची जागा मोकळी सोडून, पेन्सिलीनं:
तिकडची वाळू, एक डबा.
साच्याला चालते का बघतो.