ओढ

सांता मारियाच्या धक्क्यावर
टूना कापणाऱ्या बायकांच्या सुऱ्या थांबतात
तेव्हा समजावं, साडेनऊ झाले,
इवांद्रा बावटा बांधायला आली.

आज पिवळा.
वारा सहारावरून आलाय, दातांत वाळू कचकचते.
आधी ती गुडघाभर पाण्यात उभी राहते,
वैद्यानं नाडी बघावी तशी.

मग येतात लालबुंद खांद्यांचे पाहुणे
पतंगाला लोंबकळत लाटांवर धावायला.
जाकिटाचा पट्टा सैल ठेवणाऱ्याला
ती बोलत काही नाही,
नुसती खांद्याशी धरून वर खेचते.
जाकीट वर येतं, माणूस खालीच.
सगळे हसतात. तोही. मग आवळतो.

"ते गुळगुळीत पाणी बघ," मला म्हणाली,
"तिथं लाट फुटत नाही ना?
तेच दार. तिथूनच समुद्र परत जातो.
ओढलं तर भांडू नकोस.
आडवं पोह, किनाऱ्याकडेनं.
थकलास तर नुसता तरंग, हात वर कर."

मी विहिरीत शिकलेला.
विहीर कुठं ओढते?

तिचा बाप चाळीस वर्षं मासेमारीला गेला
पोहता येत नसताना.
"बोट आहे ना," म्हणायचा.
आता एकाहत्तराव्या वर्षी
पहाटे, कुणी नसताना,
तिच्या तळहातावर उताणा पडायला शिकतोय.
मान अजून ताठच ठेवतो, म्हणाली,

आणि थांबली.
शिट्टी ओठांत, नजर माझ्या पाठीमागे.
एक पिवळी टोपी, दोन,
तिसरी?

तिसरी वर आली.
ओठांतली शिट्टी सुटून
छातीवर लोंबली, ओली.