काठीला कान

छत्तीस वर्षं मी हडर्सफील्डमध्ये गळत्या शोधल्या.
रात्री दोन ते चार, नळ बंद करून गाव झोपलं की
लाकडी काठीचं एक टोक रस्त्यातल्या झाकणावर,
दुसरं कानामागच्या हाडाला,
आणि तीन फूट मातीखालून
पाणी फुसफुसत सांगायचं, इथून निसटतोय.
मला कुणी फसवलं नाही,
ना दूरच्या लॉरीनं, ना कुणाच्या फ्रीजनं.

आता पँटमध्ये पॅड.
ऑपरेशननंतर दिवसाला पाच, सध्या दोन,
शिंक आली तर तीन.
ही गळती ऐकायला काठी लागत नाही.

सर्जन माझ्या नातवाच्या वयाचा दिसतो.
म्हणाला, प्रोस्टेट पूर्ण निघालं,
एका बाजूच्या नसा वाचवल्या,
दुसऱ्या बाजूबद्दल दिलगीर आहे.
आम्हीही असंच म्हणायचो,
कुणाच्या दारातली गुलाबाची झाडं खणून काढल्यावर.

ग्लेनिस नर्सनं व्यायाम शिकवला:
आवळा, दहा मोजा, सोडा. कुणाला कळणार नाही.
पण इंग्रजी दहा फार लवकर संपतात,
म्हणून मी अडीचकी म्हणतो.
एक अडीच अडीच, बे अडीच पाच...
भोरच्या शाळेत घारपुरे मास्तरांनी छडीच्या धाकानं घोकून घेतलेली,
साठ वर्षांनी कामाला आली.
बसच्या वरच्या मजल्यावर, गिरण्यांच्या चिमण्या मागे पडत असताना,
साती अडीचला पोचलो की
शेजारची म्हातारी विचारते, बरं आहे ना तुम्हाला?
चेहऱ्यावर दिसत असणार.
धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.
ही म्हण पहिल्यांदा कोण म्हणालं
आणि त्याचं कसलं ऑपरेशन झालं होतं, देव जाणे.

मग पोस्टानं प्रश्नावली आली, जगण्याचा दर्जा मोजायला.
गेल्या चार आठवड्यांत.
अजिबात अडचण नाही, थोडी, बरीच, फार मोठी.
शैलजा समोर बसून अलॉटमेंटमधला घेवडा मोडत होती.
म्हटलं, हा नववा प्रश्न खरं तर तुला विचारायला हवा.
ती म्हणाली, वाचा.
मराठीत करून वाचायला गेलो तर शब्द सापडेना.
जे होते ते शिव्यांतले,
नाहीतर डॉक्टरी पुस्तकातले.
चव्वेचाळीस वर्षांत आम्ही त्याला नावच दिलं नव्हतं;
दिव्याच्या बटणाचा खटका व्हायचा, तेवढं पुरायचं.

शेंगेची शीर लांब ओढून काढत ती म्हणाली,
"थोडी"वर खूण करा.
आणि खरं काय?
"खरं म्हणजे हल्ली तुम्ही घोरत नाही, त्याची अडचण आहे.
टक्क जागे असता."
असा प्रश्न त्यांच्या कागदावर नव्हता.
मी समासात लिहिला.

रक्ताचा आकडा फोनवर कळला,
यंत्राला सापडणार नाही इतका कमी.
शैलजानं देवापुढे साखर ठेवली.
मी मात्र, काय सांगू,
आमच्या खात्यात कुणी "गळती शून्य" लिहिलं
की साहेब आधी मीटर तपासायला पाठवायचे.

काल रात्री तीनला उठलो. कोरडा होतो.
सवयीनं वाटलं, आता काम सुरू करायची वेळ.
शेडमधून काठी आणली, स्वयंपाकघरात
सिंकखालच्या पाइपाला लावून उभा राहिलो.
काही नाही. घराचं पाणी गप्प.
मागून स्लिपर वाजल्या.
तिनं विचारलं नाही, रागावली नाही,
काठी माझ्या हातातून घेतली,
एक टोक माझ्या पोटावर, शिवलेल्या जागेच्या जरा वर,
दुसरं स्वतःच्या कानाला,
आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिली.

काय म्हणतंय?

"वरण जास्त झालंय."

मी हसलो.
तिसरं पॅड.