तळव्याएवढी जागा

माघात, मंगळवारी, आर्वीची वरात.
पोराच्या बापाचा फोन: घोडी चकाकली पाहिजे.

शेवंताच्या अंगावर पुसात धरलेले केस,
विटकरी, बोट रुतेल एवढे दाट.
वामन न्हाव्यानं मशीन आणली कोठ्यात.
उकंडा म्हणाला, थांब बाप्पा.
झुलीखाली घामानं भिजते थे, खरं हाय,
पण रातच्याला तुरीतून वारं येते,
त्याले मी काय सांगू?

वामन हसला नाही.
कोपराच्या मागं तळव्याएवढी जागा भादरली,
फक्त पाहाले.
खालून राखाडी कातडी निघाली
आणि एक जुनी डागणी,
आधीच्या मालकाची.
शेवंतानं तेवढंच कातडं थरकवलं,
माशी बसावी तसं.
उकंड्यानं मशीनची वायर काढली.

वरात पोचली पावणेबाराला.
नवरदेव उतरून गेला, गळ्यातला हार
रिकिबीत अडकून तुटला.
झूल काढली तर नुसती वाफ.

पोत्यानं पुसता पुसता
हात त्या जागेवर आला.
कोरडी. कधीचीच.
बाकी घोडी ओलीचिंब.

त्यानं आपलं घोंगडं तिच्यावर टाकलं
आणि आतून हात घालून
तेवढी जागा गार लागते का
पाहत उभा राहिला.