मागच्या वेळी

लोफोटेनच्या टोकाशी आमचं बेट,
नऊशे माणसं, एक दवाखाना,
आणि काउंटरच्या मागे मी, एकोणतीस वर्षं.
नावं लिहिते, तारखा देते,
रक्ताच्या नळ्या दुपारच्या बोटीने बोडोला धाडते.
औषधातलं मला कळत नाही.
माणसं दारातून आत कशी येतात, तेवढं कळतं.

डॉक्टर तोरुन होती तेव्हाची गोष्ट.
फेब्रुवारीत, भर हंगामात, सकाळी दहाला
आयलर्ट आला. टोपी हातात.
"काही नाही, जरा थकल्यासारखं."
ईसीजीची पट्टी काढली, सरळ.
नाडी बरी. दाब बरा.
तोरुनने पट्टी बाजूला ठेवली
आणि खिडकीबाहेर पाहिलं:
धक्क्यावर कॉडचे ढीग, सगळ्या होड्या पाण्यात,
एक सोडून.
बावीस वर्षांत हा माणूस
एप्रिलच्या आत या खुर्चीत बसला नव्हता.
बोटात गळ रुतला तरी पक्कड घेऊन स्वतःच उपटणारा.
"हेलिकॉप्टर बोलाव," मला म्हणाली.
कशासाठी, फोनवर बोडोच्या माणसाने विचारलं.
तिने सांगितलं, "फेब्रुवारी आहे म्हणून."

आयलर्ट अजून आहे. जाळी विणतो,
आणि छातीत बसवलेली जाळी
मी विणली असती तर बरी झाली असती, म्हणतो.

मग ती निवृत्त झाली.
मग आले पाहुणे: पंधरा दिवसांचे, तीन आठवड्यांचे,
स्वीडनहून, डेन्मार्कहून,
एक लाइपझिगचा, व्हायोलिन घेऊन.
हुशार होते. खोटं कशाला बोलू?
फाइल वाचायचे, मनापासून वाचायचे,
पण फाइलमध्ये फेब्रुवारी लिहिलेला नसतो.

स्योल्वीने चार वर्षांत एकोणीस जणांना
आपल्या नवऱ्याचं मरण सांगितलं.
आधी रडत, मग भरभर,
मग किराण्याच्या यादीसारखं.
झोपेची गोळी एकाने दिली, दुसऱ्याने वाढवली,
तिसऱ्याला वाटलं, आधीच्याने विचार केलाच असेल.
ती जिन्यात पडली. खुबा मोडला.
चूक कोणाची, तिच्या मुलीने विचारलं.
मी फाइल पहिल्यापासून चाळली.
चूक कोणाच्याच पानावर नव्हती.
दोन पानांच्या मधल्या शिवणीत होती.

हिशेब करणारे दूर कुठे हिशेब करतात म्हणे:
एकच डॉक्टर वर्षानुवर्षं असला, की
माणसं कमी मरतात, रात्रीचे फोन कमी येतात.
असेल. त्यांच्याकडे आकडे आहेत.
माझ्याकडे एक घंटी आहे, दारावरची,
आणि ती कोण कशी वाजवतं, ते.

सप्टेंबरात ही आली, निरोशिनी.
वार्दोला वाढलेली, बाप मासळीच्या कारखान्यात,
आई घरी तमिळ बोलणारी.
किती दिवस, मी विचारलं नाही.
विचारायचं नसतं. बुटांकडे पाहिलं.
जुनेच, पण हिवाळ्याचे.
ऑक्टोबरात तिने सरपण मागवलं,
दोन हिवाळे पुरेल इतकं.
ते मी कोणाला न सांगता
सगळ्या बेटाला सांगितलं.

काल स्योल्वी आली, काठी टेकत.
आतलं दार आमचं नीट लागत नाही,
म्हणून ऐकू आलं:
"मागच्या वेळी मी म्हटलं होतं ना..."
आणि लगेच, कळफलकाचा आवाजही न होता,
"हो, मांजराचं. परत आलं का?"

बाकावर चौघं ताटकळत होती.
पुढचं नाव पुकारायला
मी जरा उशीर केला.