सात आणि सात

कांडी तिचं नाव.
कांड्यांच्या बुट्टीत सापडली म्हणून.
तेव्हा मुठीत मावायची.
आता पुन्हा मावेल की काय असं वाटतं,
आतलं सूत कोण उलगडून नेतंय
कळत नाही.

डॉक्टर म्हणाले, सक्करे.
मी म्हटलं, साखर? मांजराला?
ते म्हणाले, हौदु, अदे.
टेबलावर बसून ती
दोन्ही भाषांत गप्प.

सकाळी सात. संध्याकाळी सात. दोन युनिट.
मानेमागची कातडी चिमटीत धरायची,
तिचा तंबू करायचा,
सुई आत, तीन मोजायचे.
पहिल्या दिवशी सुई आरपार गेली,
औषध सगळं केसांवर
आणि रक्त माझ्या अंगठ्याला.
तीस वर्षं वडगावात
माग न थांबवता तुटला धागा जोडणारा हात हा.
त्याला घाम फुटला.

हिशेबाच्या वहीत आता दोन रकाने:
सोमवार, साड्या दोन, कांडी चारशे बारा.
मंगळवार, साडी दीड, तीनशे नव्वद.
बुधवारी नुसतंच, खाल्लं नाही.
शेट वही चाळून विचारतो,
हे कसले दर?

टपरीवर हसतात.
"मांजराला इंजेक्शन! काय करूलालास रे,
तुझं बीपी कोण बघूलालंय?"
मीही हसतो.
सातला दहा कमी असताना
अर्धा चहा ठेवून उठतो.

करंट गेला की सगळे माग एकदम थांबतात,
गल्लीला बहिरेपण येतं.
बाकीचे दारात येऊन बसतात वाऱ्याला,
मी फ्रीजपाशी उभा,
दार उघडायचं नाही, उघडायचं नाही, म्हणत.

एका रात्री दोनला
ती भिंतीला धडकत चालली होती,
पाय दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे.
कानाला टोचलं. अडतीस.
काकवीच्या बरणीत बोट बुडवलं
आणि तिच्या हिरड्यांवर चोळत राहिलो.
वर्षभर जिला शिव्या दिल्या
त्या साखरेलाच म्हटलं, ये बाई, लवकर ये.

आणि बोट तिच्या तोंडात असतानाच
एक विचार आला:
नाहीच उठली ही,
तर उद्या सातला मला कुठंच पोचायचं नाही.

मी त्याला लगेच हाकलला नाही.
बसू दिलं शेजारी, फरशीवर.
तोही दमलेला होता.

मग तिनं चावलं. जोरात.
दोन दातांच्या खुणा अजून आहेत.
रडू आलं ते दुखलं म्हणून, असं म्हणतो मी.

हे कुणालाच सांगितलं नव्हतं.
शेजारच्या चन्नव्वाच्या नातीला सांगितलं, नागवेणीला,
पीयूसी सायन्सला आहे.
वाटलं होतं, तोंड वाकडं करेल.
तिनं सिरिंज घेतली, बल्बाखाली धरली,
टिचकी मारून बुडबुडा वर घालवला.
"ना माडतेनरी काका. तुम्ही जावा लग्नाला."

भाचीचं लग्न, चंदगडला.
वर्षात पहिल्यांदा बसमध्ये बसलो.
शिनोळीला पाट्या बदलल्या,
एरवी मी मोठ्यानं वाचतो त्या,
परवा घड्याळच वाचत होतो.

संध्याकाळी पंगतीत
जिलबी वाढणारा समोर थांबला
आणि माझ्या मांडीकडे बघू लागला.
उपरण्याचा काठ दोन बोटांत उचलून
मी तंबू करून बसलो होतो.
एक, दोन, तीन.

फोन वाजला.
"आयितु काका."
खाल्लं का तिनं?
"तिंतु, तिंतु. तुम्ही खावा."

सोडला काठ.
इस्त्रीच्या उपरण्यावर
चुणी मात्र राहिली, उभी,
पाठ ताणून बसल्यासारखी.