एसटी

बाबा एसटीत होते.
हे वाक्य आमच्या घरात दोनदा खरं होतं.
शाळेत बाई विचारायच्या
तेव्हा मी पहिलंच सांगायचे:
गणेशपेठ डेपो, बिल्ला चार हजार एकशे सात,
चामड्याची थैली, तिकिटाचा चिमटा,
आणि सुट्ट्या पैशांचा वास
कायमचा मुरलेला अंगठा.

दुसरं सांगायला कागद लागतो.

मुक्कामाच्या गाडीवरून बाबा फोन करायचे,
पिवळ्या पाटीच्या खोक्यातून.
पाटीवर एसटीडी.
आईला वाटायचं, डी म्हणजे डेपो.
"यायच्याच एसटीचा फोन हाये न तो,
मंग पैसे काहून घेते?"
बाबा हसायचे,
आणि त्या हसण्याचेही युनिट पडायचे.

आजोबांचा दाखला सन एकोणपन्नासचा.
मास्तर घाईत असावेत.
जातीच्या रकान्यात नुसतं 'गों.' लिहून
ते पुढच्या पोरावर गेले.
आता गिरीपेठेत, पंख्याखाली,
एक साहेब भिंग धरून बसलेत:
गो-वरचं हे टिंब
अनुस्वार आहे, की शाईचा डाग?
अनुस्वार असेल तर आम्ही आम्ही.
डाग असेल तर
माझं नर्सिंगचं दुसरं वर्ष कुणाचं, कोण जाणे.

मग त्यांनी देव विचारले. सात, मी म्हटलं.
लग्नात मांडव कशाचा, तेही सांगितलं.
माणूस गेल्यावर डोकं कुठल्या दिशेला ठेवता?
बाबा मागच्या बाकावरून उठले.
"साहेब, तेवढं सोडून विचारा जी."

त्यानंतर नऊ दिवसांनी,
रात्री दीडला अंगण तव्यासारखं असताना,
बाबांचा घाम थंड झाला.
मेडिकलच्या कॅज्युअल्टीत मशीनने
गुलाबी चौकटींचा कागद ओकला,
तिकिटाच्या रोलसारखा, वळत, वळत.
शिकाऊ डॉक्टर, माझ्याच वयाचा,
दुसऱ्याला ओरडून म्हणाला,
"दोन अन् तीनमध्ये एसटी वर गेली आहे!"

आई चपला हातात धरून उभी होती.
"दोन नंबरला भंडारा लागते," ती म्हणाली,
"तीनला उमरेड.
वरतं कुठी गेली?"

मला ठाऊक होतं. पुस्तकात वाचलं होतं:
एस आणि टी, लाटेची दोन टोकं,
मधला रस्ता सपाट असावा लागतो.
मी आईला म्हटलं, घाटात आहे.
ती बसली मग. घाट तिला कळतो.
बाबा कितीदा घाटात अडकले होते,
आणि पहाटे आले होते, धुळीसकट.

इंजेक्शन दिलं. तास गेला.
पुन्हा कागद निघाला. डॉक्टरने तो
खिडकीच्या उजेडाकडे धरला,
साहेबांनी भिंग धरलं होतं तसाच,
पण चेहरा वेगळा.
"येतेय खाली," तो म्हणाला.
आईने विचारलं, "कोन उतरलं?"

कुणी नाही, आई.
कुणीच उतरलं नाही.
पडद्याच्या पल्याड बाबांनी डोळे किलकिले केले,
आणि दोन बोटं हलवली हवेत,
दोरी ओढल्यासारखी.
डबल बेल.

आज फाईल घेऊन परत गिरीपेठ.
दाखला, कोतवाल बुकाची नक्कल, बाबांचा जुना पास,
आणि घाईत कशी कोण जाणे,
ती गुलाबी पट्टीही आत गेलेली.
बाबूंनी उलटसुलट करून पाहिली.
"हे काय?"
"एसटी," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं.
त्यांनी वरची तारीख वाचली.
"पन्नासच्या आधीचा पुरावा आणा," म्हणाले,
आणि पट्टी टाचणीसकट
माझ्याकडे सरकवली.

उष्णतेने ती आताच पुसट होऊ लागली आहे.
डोंगर अजून दिसतो.
'मडावी' मात्र बोटाखाली गेलं.